हिंजवडीचा चौक आणि गावाची चावडी

सकाळचे साडेनऊ वाजले आहेत, असे समजा. तुम्ही वाकडच्या बाजूने हिंजवडीकडे निघाला आहात. कुणाला संगणकाच्या कचेरीत हजेरी लावायची आहे, कुणाला शाळेची घंटा होण्याआधी पोचायचे आहे, कुणी भाजीचा टेम्पो घेऊन निघाला आहे, तर कुणाच्या मोटारसायकलीला दुधाच्या किटल्या लटकलेल्या आहेत. पुढची गाडी हलत नाही, म्हणून मागचा भोंगा वाजवतो. त्याच्या मागचा त्याहून मोठ्याने वाजवतो. प्रत्येकाला वाटते, आपण तेवढे शहाणे आणि बाकी सगळे आडमुठे! अर्ध्या तासाने चौक ओलांडताना माणूस घामाघूम झालेला असतो आणि दिवसाचे काम तर अजून सुरूच व्हायचे असते.

याला आपण कटकट म्हणतो. संकट वेगळे आणि कटकट वेगळी. घराला आग लागली, पूर आला, तर गाव धावून येते. कटकटीला कुणी धावून येत नाही. ती लहान असते, रोजची असते, आणि म्हणूनच माणूस ती गिळतो आणि घरी जाऊन मुलांवर चिडतो. ऐन स्वयंपाकाच्या वेळी वीज जाते, पिकाला पाणी द्यायच्या वेळी मोटर सुरू होत नाही, परीक्षेचे गुण भरताना संगणक अडून बसतो, मुंबईच्या लेकीशी बोलायला फोन उचलावा तर रेंज नसते. अशा कटकटींची यादी करायला बसलो, तर ही पुस्तिका पुरायची नाही.

आज मी तुम्हाला या कटकटींचा इतिहास सांगणार आहे. हसू नका, बरं का! लढायांना आणि तहांना जसा इतिहास असतो तसा कटकटींनाही असतो. कोणती कटकट केव्हा आली, कुणामुळे आली, आणि आपल्या माणसांनी ती कशी सोडवली, हे पाहिले की आजच्या कटकटीवरचा उपायही सापडतो. आणि हा इतिहास पाहायला हिंजवडीच्या पंचक्रोशीइतकी चांगली जागा नाही. कारण नांगर, यंत्र आणि संगणक ही तिन्ही इथे थोड्या काळात, एकाच मातीवर येऊन गेली आहेत.

आधी जुनी हिंजवडी पाहू. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातले हे शेतकऱ्यांचे गाव. गावाचे दैवत म्हातोबा. चैत्रात हनुमान जयंतीच्या सुमारास म्हातोबाची यात्रा भरते आणि हिंजवडीहून वाकडकडे बगाड निघते. बगाड म्हणजे लाकडाचा मोठा अवजड गाडा. त्यावर मानाचा गळकरी असतो. भोवती हजारो माणसे, गुलाल, ढोल, लहान मुले, म्हातारीकोतारी. एवढ्या गर्दीतून तो गाडा एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो. तो जातो कसा? कारण कुणी ओढायचे, कुणी वाट मोकळी करायची, कोणता मान कुणाचा, हे सारे आधीच ठरलेले असते. त्या दिवशी कुणी 'आधी मी' म्हणत नाही. ज्या रस्त्यावर आज मोटारी अडून बसतात, त्याच वाटेवर पूर्वजांनी गर्दीतून गाडा न्यायची रीत बसवली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

दुसरी जुनी रीत तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरातली आहे. सामाईक विहीर असली की पाणीपाळी आली. चार भाऊबंद, एक विहीर, आणि प्रत्येकाचे पीक एकाच वेळी तहानलेले! मग वार वाटून घेतले जातात. सोमवार-मंगळवार थोरल्याचे, बुधवार-गुरुवार मधल्याचे, असे. पाळी मोडली तर चावडीवर जाब द्यावा लागे. विहिरीचे पाणी त्यामुळे एका घागरीनेही वाढत नसे. पण भांडण कमी होई, आणि कमी पाण्यात चौघांचीही पिके उभी राहत. 'पाळी' हा आपल्या भाषेतला लहानसा शब्द आहे. पुढच्या सगळ्या गोष्टीत तो तुम्हाला पुन्हापुन्हा भेटेल.

आता याच मुळशी तालुक्यातली एक कडू आठवण सांगितली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळा नदी अडवून धरण बांधायचे ठरवले. सुपीक भातखाचरे आणि पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. बायाबापड्या कामावर जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. लढा १९२४ पर्यंत चालला. पण धरण झाले. घाटाखाली भिरा येथे १९२७ मध्ये वीजघर सुरू झाले, आणि मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईला गेली.

ही आठवण इथे का काढली? एकाची सोय ही पुष्कळदा दुसऱ्याची गैरसोय असते, एवढ्याचसाठी. कटकट नाहीशी करण्याचा एक उपाय असा असतो की ती उचलायची आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची. तो उपाय करणाऱ्याला सोपा वाटतो. ज्याच्या दारात ती येते, त्याला विचारायला मात्र कुणी जात नाही.

स्वातंत्र्यानंतर या भागात कारखाने आले. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. हे औषध एका बुरशीपासून करतात. मोठमोठ्या टाक्यांत ती बुरशी वाढवायची, तर तिला कित्येक दिवस अखंड हवा पुरवावी लागते. मध्येच वीज गेली आणि हवा थांबली, तर सगळा घाणा वाया! बुरशीला रात्र कळत नाही आणि रविवारही कळत नाही. म्हणून माणसांनी रात्रंदिवस आळीपाळीने उभे राहायचे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. विहिरीवरचा शब्द असा कारखान्यात गेला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पिंपरी-चिंचवड-आकुर्डीच्या माळांवर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि शेतकऱ्याचा मुलगा सूर्याकडे पाहायचे सोडून भोंग्याकडे कान देऊ लागला. सकाळचा डबा, घरातली झोप, लग्नाचे मुहूर्तसुद्धा पाळी पाहून ठरू लागले. १९७० मध्ये इथे नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या आकाशवाणीची आहे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. खेड्यांसाठी कार्यक्रम होत. खताचे खड्डे कसे करावेत, पिण्याचे पाणी कसे शुद्ध ठेवावे, कीड कशी ओळखावी, असे उपयोगाचे सल्ले दिले जात. पण प्रश्न असा पडला की नुसता सल्ला ऐकून माणूस खरोखर काही करतो का? की 'छान सांगितलं हो' म्हणून तंबाखू मळत उठून जातो?

हे पाहण्यासाठी १९५६ मध्ये एक प्रयोग झाला. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत होती. त्या धर्तीवर, युनेस्कोच्या मदतीने, आकाशवाणी आणि त्या वेळचे मुंबई सरकार यांनी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली १५० गावे निवडली. प्रत्येक गावात श्रोतामंडळ काढले. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे एकूण २० कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि मंडळाने तिथेच बसून चर्चा करायची. आपल्या गावात हे जमेल का? खर्च किती? अडचण कोणती? मंडळाचा चिटणीस हे सारे लिहून काढी, शंका केंद्राकडे पाठवी, आणि पुढच्या कार्यक्रमातून तिला उत्तर मिळे. ऐका, चर्चा करा, आणि करा. एवढाच त्याचा मंत्र.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. पॉल न्यूरात नावाच्या समाजशास्त्रज्ञाने तिचा अहवाल लिहिला. मंडळे असलेली काही गावे आणि मंडळे नसलेली काही गावे यांची तुलना केली. मंडळे नसलेल्या गावांपैकी काहींत रेडिओ होता, काहींत नव्हता. निकाल स्पष्ट निघाला. जिथे मंडळ होते तिथे लोकांचे ज्ञान पुष्कळ वाढले होते. जिथे नुसता रेडिओ होता तिथे फारसा फरक पडला नव्हता. सल्ला तोच, आवाज तोच, यंत्र तेच. फरक पडला तो चार माणसे मिळून बसण्याने. त्या मंडळांच्या ठरावांतून कुठे विहीर खणली गेली, कुठे जातिवंत वळू आणला, कुठे लेगहॉर्न कोंबड्या आल्या, कुठे बालवाडी निघाली. १९५९ पासून ही कल्पना देशभर नेण्यात आली.

आता चाळीस-पन्नास वर्षे पुढे येऊ. एकोणिसशे नव्वदनंतरच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान उभे राहू लागले. काचेच्या इमारती आल्या, जगभरच्या कंपन्यांची कामे आली. ज्वारीचे खळे होते तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली. गावात घरे भाड्याने जाऊ लागली, खानावळी निघाल्या. आणि नेमक्या याच काळात महाराष्ट्रावर विजेचे मोठे ग्रहण आले.

तुम्हाला आठवतच असेल. मागणी वाढली होती आणि वीज अपुरी होती. २००५ च्या सुमारास भारनियमन हा शब्द घराघरात गेला. शहरात रोज दोन-तीन तास अंधार, आणि खेड्यांत आठ-आठ, दहा-दहा तास. मुले कंदिलाखाली अभ्यास करू लागली. पीठगिरणीपुढे रांगा लागल्या. शेतकरी रात्री दोन वाजता उठून मोटर चालू करायला अंधारातून, साप-विंचवातून शेतावर जाई. ज्याला परवडे तो दुकानदार दारात जनरेटर लावी आणि धूर शेजाऱ्याच्या घरात सोडी. म्हणजे पुन्हा तेच! आपली कटकट उचलून दुसऱ्याच्या दारात.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र २००६ मध्ये एक वेगळी गोष्ट घडली. तिला पुढे 'पुणे मॉडेल' असे नाव पडले. गोष्ट समजायला सोपी आहे. मोठ्या कारखान्यांपाशी स्वतःचे जनरेटर होते, पण ते अडीअडचणीसाठी म्हणून बहुधा बंदच असत. उद्योजकांच्या संघटनेने विचार केला. टंचाईच्या तासांत आम्ही आपले जनरेटर चालवले, तर जाळ्यातून तेवढी वीज आम्ही कमी घेऊ, आणि वाचलेली वीज शहराला मिळेल. अडचण एकच. डिझेलवरची वीज महावितरणच्या विजेपेक्षा कितीतरी महाग पडते. तो जादा खर्च कुणी सोसायचा?

मग सगळे एका जागी बसले. उद्योजक बसले, महावितरण बसले, 'प्रयास'सारखी वीजप्रश्नाचा अभ्यास करणारी संस्था बसली, आणि वीज नियामक आयोगापुढे खुली सुनावणी झाली. ठरले असे की महिन्याला ३०० युनिटांहून अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी युनिटमागे ४२ पैसे जादा द्यायचे. लहान ग्राहकावर बोजा नाही. २००६ च्या जूनपासून शहराचे भारनियमन थांबले. एकही नवे वीजघर न बांधता! यंत्रे होती तीच राहिली. फक्त कुणी केव्हा वीज घ्यायची आणि खर्च कुणी कसा वाटून घ्यायचा, हे ठरले. विहिरीवरच्या पाणीपाळीत यापेक्षा वेगळे काय होते, सांगा बरे!

तुम्ही म्हणाल, 'शहरात दिवे लागले, पण आमच्या खेड्याचं काय?' तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि इतिहास सांगणाऱ्याने तो टाळता कामा नये. शहराच्या सीमेपलीकडची गावे अंधारातच राहिली. ज्यांच्याकडे जनरेटर होते, पैसे मोजणारे ग्राहक होते आणि सुनावणीत बोलणारी माणसे होती, त्यांना तोडगा सापडला. पण त्याच काळात खेड्यांसाठीही एक योजना निघाली. तिचे नाव अक्षय प्रकाश योजना. गावाने एकत्र बसून ठरवायचे की संध्याकाळच्या ऐन गर्दीच्या वेळी कुणी शेतीपंप चालवणार नाही, कुणी आकडे टाकून वीज चोरणार नाही. गावाचा भार तेवढा उतरला की गावाचे दिवे चालू राहतील. जिथे गावकऱ्यांनी शब्द पाळला तिथे संध्याकाळी घराघरात उजेड राहिला. जिथे एकाने चोरून पंप लावला आणि बाकीच्यांनी 'त्यानं लावला, मग मी का नको?' म्हटले, तिथे शब्दही गेला आणि उजेडही गेला. योजना कागदावर एकच होती. फरक पडला तो गावच्या एकीने.

आता पुन्हा हिंजवडीच्या चौकात येऊ. संगणकाच्या कचेऱ्या वाढत गेल्या आणि रस्ता तेवढाच राहिला. त्यातून कारभार अनेकांच्या हाती. ग्रामपंचायत वेगळी, औद्योगिक विकास महामंडळ वेगळे, २०१५ मध्ये स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण वेगळे, पोलीस वेगळे. 'हे आमच्याकडे येत नाही,' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. अनेक धन्यांच्या गुरासारखी रस्त्याची गत होते. दूध सगळ्यांना हवे, वैरण कुणी घालायची ते ठरत नाही.

१५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. लगेच पुढच्या महिन्यात शिवाजी चौकाच्या परिसरात चक्राकार एकेरी वाहतूक सुरू करण्यात आली. त्यामागची युक्ती पाहा. चौकात कोंडी होते ती गाड्या फार झाल्या म्हणून होतेच. पण त्याहून अधिक होते ती चार बाजूंच्या गाड्या एकमेकींची वाट कापतात म्हणून. एक थांबल्याशिवाय दुसरी जाऊ शकत नाही. सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचे ठरवले, म्हणजे मळणीच्या खळ्यात बैल फिरतात तसे, तर कुणी कुणाची वाट कापत नाही. फेरा लांबचा पडतो, पण थांबावे लागत नाही. त्या बदलाने सकाळ-संध्याकाळची खोळंबून राहण्याची वेळ बरीच कमी झाली. समोरच्या दुकानात जायला वळसा पडतो म्हणून कुरकूरही झाली. वळशाचा त्रास कुणाला आणि सोय कुणाला, हा जमाखर्च इथेही होताच. त्याच वर्षी १८ डिसेंबरला माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोमार्गाची पायाभरणी झाली.

पण एक उपाय कायम पुरत नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे टाळेबंदी आली आणि तोच चौक ओस पडला. काम घरी आले, शाळा घरी आली. आणि कटकटही चौकातून उठून घरात आली! एक खोली, एक फोन. बापाची बैठक आणि मुलीचा तास एकाच वेळी. ज्या घरांनी शांतपणे वेळा वाटून घेतल्या, त्यांचे निभावले. ज्या घरांत एकच फोन होता आणि तो कामाला जाणाऱ्याच्या खिशात होता, तिथल्या मुलांचे वर्ष बुडाल्यासारखे झाले. शिक्षकांनो, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

पुढे कचेऱ्या भरल्या, रस्ते पुन्हा भरले. २०२५ च्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले. ओढे-नाले बुजले, अरुंद झाले, वळवले गेले, म्हणून पाणी रस्त्याने वाहू लागले. शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. बांध घालताना तो आधी पाहतो की वरचे पाणी जाणार कुठून. पाण्याची वाट अडवली तर पाणी माणसाची वाट अडवते.

इतका इतिहास सांगितला. आता त्यातून रोजच्या उपयोगाचे काय निघते, ते पाहू.

पहिली गोष्ट अशी की कटकट समोर आली की चिडण्याआधी एकच प्रश्न विचारावा. ही माझ्या एकट्याची की दहाजणांची? वीज गेली तर आधी खिडकीतून शेजारी पाहा. शेजारी दिवा आहे? मग दोष तुमच्या घरात. मीटरजवळचा खटका पडला आहे का ते पाहा. पडला असेल तर सगळी उपकरणे बंद करा, खटका वर करा, आणि मग एकेक उपकरण लावत जा. ज्याने खटका पुन्हा पडेल, तोच चोर. ते उपकरण बाजूला काढा आणि जाणत्याला दाखवा. ओल्या हाताने, अनवाणी, तारांशी खेळू नका. पण सगळी आळीच अंधारात असेल, तर घरात खटपट करण्यात अर्थ नाही. मग एकाने तक्रार नोंदवावी, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि तो आळीला सांगावा.

दुसरी गोष्ट यंत्राची. शाळेतला संगणक अडला की चार गुरुजी चार बाजूंनी चार बटणे दाबतात. तसे करू नये. एका वेळी एकच बदल करावा. आधी तारा नीट बसल्या आहेत का ते पाहावे. मग हातचे काम जतन करून यंत्र बंद करावे, अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा चालू करावे. पुष्कळ आजार एवढ्यानेच बरे होतात. नाही झाले तर पडद्यावर आलेली अक्षरे जशीच्या तशी लिहून घ्यावीत. 'चालत नाही' एवढेच सांगितले तर दुरुस्तीवाला काय करणार? वैद्याला आपण 'बरं वाटत नाही' एवढेच सांगतो का? कुठे दुखते, केव्हापासून दुखते, काय खाल्ले, हे सांगतो. यंत्राचेही तसेच. आणि एक सांगून ठेवतो. फोनवर आलेला गुप्त क्रमांक कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी द्यायचा नाही.

तिसरी गोष्ट नोंदीची. दोनशे पानी वही घ्या. पाच रकाने आखा. तारीख, वेळ, काय अडले, आपण काय केले, कुणाला सांगितले. महिनाभर लिहा. मग वही उघडून पाहा. समजा, तुमच्या शाळेला रोज अकरा ते बारा या वेळात इंटरनेट मंद मिळते असे दिसले. त्याच तासात सगळ्या शाळा माहिती भरायला बसत असतील का? मग केंद्रातल्या शाळांनी बसून वेळा वाटून घ्याव्यात. दहा शाळा सकाळी, दहा दुपारी. नवी तार नको, नवे यंत्र नको. इथे पुन्हा पाळीच उपयोगी पडली, नाही का?

लिहून ठेवण्याची आणि कारण सांगण्याची आपल्याकडे फार जुनी परंपरा आहे. शिवछत्रपतींच्या काळातले, १६७४ सालचे, चिपळूणच्या बाजूच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात दाणावैरण पावसाळाभर पुरेल अशी मोजून वापरा, नाही तर लष्कर रयतेच्या घरात शिरेल, असे बजावले आहे. रात्री दिवा जळत ठेवू नका, असेही सांगितले आहे. आणि कारणही दिले आहे. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, घोडी मरतील. राज्याभिषेकाच्या तयारीच्या दिवसांत दिव्याच्या वातीची आणि उंदराची काळजी! लहान कटकट वेळेवर मोजली नाही तर तिचे संकट होते, आणि मग ते गरिबाच्या दारात जाऊन पडते, हे त्या पत्राइतके थोडक्यात क्वचितच कुणी सांगितले असेल. शिक्षकांनी ते पत्र वर्गात जरूर वाचून दाखवावे.

आणि शेवटची गोष्ट. कुठलाही उपाय ठरवताना विचारा की यात माझी कटकट संपते आहे, की नुसती दुसऱ्याच्या दारात जाते आहे? तो दुसरा माणूस बैठकीला आला आहे का? मुळशीच्या माणसांना कुणी विचारले नव्हते. २००६ मध्ये शहराने आपापसांत विचारले, आणि दिवे लागले. खेड्याला मात्र त्या बैठकीत जागा मिळाली नव्हती. उपाय करणाऱ्यांनी एवढे तपासले, तरी अर्धे भांडण वाचेल.

तेव्हा ही पुस्तिका वाचून झाली की लगेच कपाटात ठेवू नका. १९५६ च्या त्या मंडळांसारखे चारजण बसा. गावातली किंवा शाळेतली एकच कटकट निवडा. एकच, बरं का! दहा नकोत. ती कुणाकुणाला होते ते लिहा, त्या सगळ्यांना बोलवा, आणि पाळी ठरवा. महिन्याने पुन्हा बसा आणि वही पाहा. जमले तर पुढची कटकट घ्या. नाही जमले तर कुणाची पाळी चुकली ते शांतपणे विचारा. आणि आमच्याकडे एक पत्र जरूर टाका. तुमचा उपाय दुसऱ्या गावाच्या कामी येईल.